कवठ्याची लाट

"लगाम घाला त्याला," पाठारे सर म्हणाले आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

कागद म्हणजे प्रिंटरमधून नुकतीच निघालेली, कडांना भोकं असलेली लांबच लांब पट्टी. तिच्यावर धामणा नदीचा पूर होता. वरचं धरण फुटलं तर कुठल्या गावापाशी पाणी किती चढेल, हे दाखवणारी रेघ. बाकी सगळीकडे ती रेघ शहाण्या मुलीसारखी चढत होती, उतरत होती. कवठ्याच्या संगमापाशी मात्र ती थरथरत होती. वर जायची, खाली यायची, पुन्हा त्याहून वर जायची.

"सर, लगाम घालण्याआधी एकदा वेळ अर्धी करून बघू का?"

"चौगुलेबाई, शुक्रवारी धरण विभागाचे इनामदार यायचेत. त्यांना काय थरथरणारी नदी दाखवायची?"

आवाज चढलेला नव्हता, पण सर माझ्याकडे बघत नव्हते. मला त्याचं नवल वाटलं. कारण वेळ अर्धी करून बघायची, ही शिकवण त्यांचीच होती.

आमचं केंद्र नद्यांचा अभ्यास करणारं. खाली मोठमोठ्या शेडमध्ये सिमेंटच्या छोट्या नद्या वाहायच्या. तिथली माणसं दिवसभर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभी असत. आमचा विभाग वरच्या मजल्यावर, आणि तिथे पाण्याचा थेंब नव्हता, होते ते फक्त आकडे. खालची मंडळी जेवणाच्या सुट्टीत हमखास विचारायची, "काय हो, तुमच्या पुरात कधी पाय तरी ओले होतात का?" आम्हीही म्हणायचो, की तुमच्या नदीला निदान डास तरी होतात.

काम सांगायला सोपं आणि करायला चिवट होतं. नदीचे तुकडे करायचे. वेळेचेही तुकडे करायचे. मग वेळेच्या प्रत्येक तुकड्याला नदीच्या प्रत्येक तुकड्याने आपल्या शेजाऱ्याला विचारायचं, तुझ्याकडून माझ्याकडे किती पाणी आलं? उत्तर मांडायचं आणि पुढे सरकायचं. असं करत करत कागदावर पूर धरणापासून समुद्राकडे जातो. यात एक खोच आहे. वेळेचा तुकडा मोठा घेतला तर एका तुकड्याने शेजाऱ्याला विचारेपर्यंत खरं पाणी शेजाऱ्याला ओलांडून पुढे गेलेलं असतं. मग आकडे बिथरतात. आधी थरथरतात, मग वेडेवाकडे उड्या मारतात आणि शेवटी नदीची उंची डोंगराएवढी दाखवून मशीन बंद पडतं.

सरांनी हा सगळा प्रोग्रॅम स्वतः लिहिलेला होता, अगदी जुन्या मशीनच्या काळात. त्या मशीनला वेळेचे बारीक तुकडे झेपत नसत. म्हणून त्यांनी त्यात एक युक्ती घातली होती. एखादा आकडा फार उडी मारायला लागला की त्याची दोन्ही बाजूंच्या आकड्यांशी सरासरी काढायची आणि त्याला खाली बसवायचं. याला ते लगाम म्हणत. लगामाने कितीतरी नद्या त्यांनी शांत केल्या होत्या, आणि ते हिशेब बरोबरही आले होते. पण नवं मशीन आल्यावर त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, "थरथर दिसली की घाबरायचं नाही आणि लगेच लगामही घालायचा नाही. वेळ अर्धी करायची. तुकडे अर्धे करायचे. थरथर आपली असेल तर विरून जाईल. पाण्याची असेल तर राहील."

मी जागेवर आले आणि सगळं अर्धं केलं. सांगितलं होतं एक आणि केलं दुसरं. माझा स्वभाव पहिल्यापासून असाच आहे, आईने त्याच्यावर पुष्कळ वर्षं डोकं फोडलं. मशीन दुपारपर्यंत गुरगुरत राहिलं. पट्टी बाहेर आली तेव्हा बाकीच्या नदीवर काही फरक नव्हता. कवठ्यापाशी थरथर होती तशीच होती. फक्त आता तिला थरथर म्हणवत नव्हतं. तिला आकार आला होता. पाणी एकदा चढत होतं, थोडं ओसरत होतं आणि मग दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा बरंच उंच चढत होतं.

मी पट्टी सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांच्या मागे भिंतीवर एक फोटो होता. फोटोत सर फेटा बांधून अवघडून उभे होते आणि शेजारी एक काटक बाई बैलगाडीला टेकून उभी होती. गाडीत लाकडी चौकट होती, खाली उंबरठा आणि वर गणेशपट्टी. ती हौसाक्का. धरण बांधलं तेव्हा जुनं कवठं संगमाच्या अगदी काठावर होतं. धरण फुटलं तर गाव राहणार नाही, असं सरांच्या हिशेबात निघालं. गाव उठायला कोणी तयार होईना. सर तिथे जाऊन हौसाक्काच्या सोप्यात बसून राहिले आणि समजावत राहिले. शेवटी त्या बाईने नवऱ्याला पहार आणायला सांगितली आणि स्वतःच्या घराची चौकट उपसून गाडीवर ठेवली. त्या भागात उंबरा मागे सोडून जात नाहीत. एकीचा उंबरा हलला तसे बाकीचे हलले. सरांनी नकाशावर पाण्याच्या हद्दीची जी रेघ मारली होती, तिच्या वर नवं कवठं वसलं. तेव्हापासून दरवर्षी गावठाण बसलं त्या दिवशी ते सरांना बोलावत आणि फेटा बांधत.

आणि आता नव्या कवठ्याच्या खालच्या आळीत शाळा आणि दवाखाना बांधायचा होता. त्यासाठी धरण विभागाला रेघेवर नव्याने शिक्का हवा होता, म्हणून इनामदार येणार होते. कागदावरचं दुसरं पाणी खरं असेल तर ती आळी सरांच्या रेघेच्या वर होती, पण पाण्याच्या खाली होती.

सर पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा अर्धी करा."

मी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. लाट आणखी स्पष्ट झाली होती.

त्यांनी नकाशा पसरला आणि संगमावर बोट ठेवलं. तिथून ते ओझर नावाच्या ओढ्यात उलट्या दिशेने वर सरकवलं. थोडं वर ओझर दोन कड्यांच्या घळीत शिरतो. बोट तिथे थांबलं. मग ते परत खाली आलं, संगमापर्यंत.

"धामणेचं पाणी ओझरमध्ये उलटं चढतं," ते हळू बोलत होते, "घळीला धडकतं. परत फिरतं. तोवर धरणाचं मागचं पाणी संगमावर आलेलं असतं. दोघं समोरासमोर येतात." ते खुर्चीत मागे टेकले. "ही थरथर नाही. पाणीच आहे हे."

"हो सर."

"मला दिसली होती ही."

मला कळलं नाही. मी तशीच उभी राहिले.

"तेव्हा. पहिल्या हिशेबात. कवठ्यापाशी आकडे असेच उड्या मारत होते. मला वाटलं, मशीन बिथरलंय. वेळ अर्धी करायची तर ते मशीन महिना घेणार, आणि गाव हलवायची घाई होती." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "लगाम मी कवठ्यासाठी शोधला, चौगुलेबाई. ह्याच लाटेला बसवायला. बाकी नद्यांना तो नंतर लागला."

मला त्यांची फार दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. ज्याच्याकडून सगळं शिकलो, त्या माणसाची कीव करायची पाळी येऊ नये. मी विचारलं, "शुक्रवारी काय करायचं?" त्या दिवशी ते डबा न उघडताच घरी गेले.

शुक्रवारी इनामदार आले. इनामदारांना खलपुरुष करणं मला सोपं गेलं असतं, पण ते तसे नव्हते. धरणावर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि कवठ्याची शाळा मंजूर करून घ्यायला त्यांनी स्वतः खेटे घातले होते. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मग सर? रेघ तिथेच ना?"

मी सरांकडे बघितलं. दोन्ही पट्ट्या टेबलावर होत्या. एक लगाम घातलेली, साधी, गुळगुळीत. सरांनी ती स्वतः काढून ठेवली होती. दुसरी माझी. सर काही बोलले नाहीत तर आपण बोलायचं, असं मी ठरवलं होतं.

"नाही," सर म्हणाले. "रेघ वर सरकते. खालची आळी पाण्यात जाते."

त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळं सांगितलं. लगामाचंही सांगितलं. इनामदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, मी धरणवाला माणूस आहे," ते म्हणाले. "ते धरण माझ्या डोळ्यांदेखत उभं राहिलंय. ते फुटणार नाही. न फुटणाऱ्या धरणाच्या पुरासाठी लोकांना दुसऱ्यांदा उठवायचं? एकदा उठले ते अजून सावरतायत. आणि ही गुळगुळीत पट्टीसुद्धा तुमच्याच पद्धतीची आहे. सगळीकडे मान्य झालेली आहे. हिच्यावर सही केली तर तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"कोणीच नाही," सर म्हणाले.

"मग?"

"इनामदार, त्या लाटेला मी एकदा कागदावर बसवलं. कागदावर ती बसते. तिथे माझी सही चालते." त्यांनी गुळगुळीत पट्टी उचलली, नीट घडी घातली आणि केराच्या टोपलीत टाकली. "गावाला मीच सांगतो. तुम्ही सांगू नका. तुमच्यावर उगाच चिडतील."

रविवारी केंद्राची जीप घेऊन आम्ही कवठ्याला गेलो. साहेब येणार म्हणून देवळापुढे सतरंज्या टाकल्या होत्या. पाटावर नारळ होता, ताटात फेटा होता. त्यांना वाटलं होतं, शाळेची बातमी घेऊन आलेत. कोणीतरी फेटा बांधायला पुढे आला तेव्हा सरांनी त्याचा हात धरला.

"आधी ऐका. मग बांधायचा तर बांधा."

मी त्यांना कितीतरी सभांत बोलताना ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांनी एकही आकडा सांगितला नाही. एक परात मागवली, तिच्यात पाणी ओतायला लावलं. एका बाजूने हाताने पाणी ढकललं. ते पलीकडच्या काठाला लागून परत यायला निघालं, तेवढ्यात अलीकडून पुन्हा ढकललं. मधोमध पाणी उभं राहिलं आणि परातीच्या काठावरून सांडलं. "ही खालची आळी," ते म्हणाले. "मागच्या वेळी मी एकदाच ढकलून बघितलं होतं. परत येणारं पाणी मी धरलं नाही. चूक माझी आहे. त्या आळीतल्यांनी वर यायला हवं. शाळाही वर व्हायला हवी."

मग मागून एकजण म्हणाला, "मशीनला काय कळतंय आमचं." दुसरा म्हणाला, "साहेबांचं काय जातंय. आज हितं मारत्यात रेघ, उद्या तितं." एक तरणा माणूस उठून निघूनच गेला. त्याच्या घराचा सोपा नुकताच शाकारून झाला होता, हे मला नंतर कळलं. त्याचा संताप मला पुरेपूर पटत होता. मी मान खाली घालून बसले.

हौसाक्का पुढच्या रांगेत होती. तिचं घर खालच्या आळीत, सगळ्यांत खाली. गाव हलवताना पहिली ती हलली, म्हणून पाण्याजवळची, विहिरीजवळची जागा तिला मानाने दिली होती. ती परातीतल्या सांडलेल्या पाण्याकडे बघत होती.

"साहेब, कवा येनार ह्ये पानी?"

"माहीत नाही, आक्का. कदाचित कधीच येणार नाही."

"कदीच न येनाऱ्या पान्यापायी उठायाचं?"

"होय."

"मागल्या बारीला तुमीच म्हनला हुता, हितं पानी येत न्हाई."

"म्हणालो होतो."

"तवा तुमाला खरं वाटत हुतं. आता ह्ये खरं वाटतंय. उद्या आनी काय वाटलं तर?"

मला तोंड उघडून सांगावंसं वाटत होतं, की आम्ही वेळ अर्धी केली, पुन्हा अर्धी केली आणि ती लाट हटली नाही. पण ते त्या सतरंजीवर बोलण्यासारखं नव्हतं. शेवटी सर म्हणाले, "आक्का, मला शाळा खाली झालेली बघवणार नाही. एवढंच मला माहीत आहे."

ती उठली. आम्हाला वाटलं, तीही निघाली. पण ती सरांना म्हणाली, "चला, घर बगा," आणि पुढे चालू लागली.

घर लहान होतं, नीटनेटकं होतं. दारात तोच उंबरा होता, जुन्या कवठ्यातून आणलेला, मधे झिजून खोलगट झालेला. तिने त्याच्यावर हात फिरवला. सर दाराशी उभे राहिले, आत गेले नाहीत. मग त्यांनी वाकून तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं. मी अंगणात होते, मला ऐकू आलं नाही. हौसाक्काने मान वर करून त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग तिने मान हलवली.

"बरं," ती म्हणाली. "त्येवडं करीन."

परतताना मी विचारलं, "काय सांगितलंत त्यांना?"

"काही नाही. एक काम सांगितलं."

जीपच्या मागच्या सीटवर तो नारळ होता, कोणीतरी ठेवलेला. फेटा ताटातच राहिला होता.

दिवाळीनंतर हौसाक्काने उंबरा दुसऱ्यांदा उपसला. या खेपेला तिच्यामागे लगेच कोणी गेलं नाही. रडतखडत, भांडत, सरांच्या नावाने बोटं मोडत आळी वर सरकली. शाळा टेकाडावर झाली, मुलांना चढ पडला, त्याचाही दोष सरांच्या माथी आला. गावठाणाच्या दिवसाचं बोलावणं पुन्हा कधी आलं नाही. सरांनी भिंतीवरचा फोटो उतरवून घरी नेला. लगाम त्यांनी प्रोग्रॅममधून स्वतःच्या हाताने काढून टाकला, आणि त्यामुळे निम्म्या जुन्या नद्यांचे हिशेब आम्हाला नव्याने करावे लागले. केंद्रातले लोक चिडले. कँटीनमध्ये विनोद सुरू झाला. पाऊस जरा वाढला की कोणीतरी विचारायचं, "काय पाठारे, आली का कवठ्याची लाट?" सर हसून म्हणायचे, "नाही हो. अजून तरी नाही." मला तो विनोद ऐकला की अंगाचा तिळपापड व्हायचा. ते मात्र चहा पीत राहायचे.

लाट आली नाही. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. धरण जागच्या जागी राहिलं. सर निवृत्त झाले, थकले, गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले होते तेव्हा त्यांनी धामणेच्या पाण्याबद्दल विचारलं होतं. धरण भरलंय, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "छान."

त्यांची खुर्ची आता माझी आहे. या वर्षी मी एका दुसऱ्या नदीवर रेघ मारली आहे. तिच्याखाली कवठ्याहून मोठं गाव येतं आणि तिथली माणसं माझ्याशी नीट बोलत नाहीत. तिकडून परत येताना मी गाडी कवठ्याकडे वळवायला सांगितली. का, ते मला सांगता आलं नसतं.

खालच्या आळीत गवत माजलं होतं. जोत्यांचे दगड दिसत होते, म्हशी बांधल्या होत्या. हौसाक्का वरच्या घराच्या दारात बसली होती, उंबऱ्याच्या अलीकडे. तिला आता डोळ्यांनी दिसत नव्हतं.

"कोन?"

"केंद्रातली चौगुले. पाठारे साहेबांबरोबर आले होते, परातीच्या वेळी."

"साहेब बरं हाईत?"

"गेले, आक्का. हिवाळ्यात."

ती सुनेला हाक मारून म्हणाली, "नारळ आन गं." सून नारळ आणायला आत गेली. मी म्हटलं, "पाणी आलं नाही शेवटपर्यंत. गावाने त्यांना फार बोलून घेतलं."

"बोलनारच की. उगंच उठवलं म्हंत्यात." ती थोडी हसली. "मला म्हायती हाय ना, का आलं न्हाई ते. दरवर्सी देवीफुडं नारळ फोडती मी. तुमच्या साहेबानंच काम लावलं हुतं, त्या दिवशी, त्या दारात."

"काय म्हणाले होते?"

"म्हनलं, आक्का, देवीला माज्यासाटी एकच माग. मी खोटा पडू दे. जलमभर खोटा पडू दे."

कँटीनमधला तो प्रश्न आणि सरांचं ते उत्तर मला आठवलं, इतक्या वर्षांचं, प्रत्येक पावसाळ्यातलं. ते हसत होते, कारण त्यांना खरोखरच आनंद होत होता.

सून नारळ घेऊन आली. हौसाक्काने तो चाचपला, शेंडी कुठल्या बाजूला आहे ते बघितलं.

"आता रेघा कोन मारतं?"

"मी."

"मंग औंदापास्नं तुज्या नावानं फोडाय पायजे."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. "फोडा, आक्का," मी म्हटलं. "दरवर्षी फोडा."

तिने नारळ दगडावर आपटला. पाणी तिच्या हातावरून जमिनीवर सांडलं. "ही बी खोटी पडू दे गं बाई," असं ती मोठ्याने देवळाच्या दिशेने म्हणाली आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो तिथेच बसून खाल्ला.